टाकीचे घाव बघत बघत: गालील ते यरुशलेम, आठ दिवस

आमच्या मंडळीतली सव्वीस माणसं पवित्र भूमीच्या यात्रेला जाणार हे ठरलं तेव्हा घरात सगळ्यात जास्त खुश आप्पा झाले, आणि मी नाही येत म्हणाले तेही आप्पाच. गुडघे गेलेत त्यांचे. पन्नास वर्षं दगड घडवला त्यांनी, आमच्या तालुक्याच्या चर्चच्या पायऱ्या आणि पुढची कमान त्यांच्या हातची आहे, आसपासच्या गावांत जाती-पाटे तर किती घडवले याचा हिशेबच नाही. निघायच्या आदल्या रात्री मला जवळ बसवून म्हणाले, "तिथं काय काय बघायचं ते पाळकसाहेब सांगतीलच. तू माझ्यासाठी एक कर. दगडावरचे टाकीचे घाव बघ. हात लावून बघ. अन् फोटो काढ, लांबून नको, जवळून."

आणि दुसरं एक कोडं त्यांनी घातलं जे ते मी लहान असल्यापासून घालतायत. बायबलातलं १ राजे, सहावा अध्याय. शलमोन राजाचं यरुशलेमातलं मंदिर बांधत असताना तिथं हातोडा, कुऱ्हाड, कुठल्याच लोखंडी हत्याराचा आवाज ऐकू आला नाही. "एवढे मोठे दगड आवाज न करता कसे बसवले, ते कळलं तर सांग मला."

तर ही यात्रा मी अशी दगड बघत केली. बाकी सगळ्यांनी काय काय बघितलं ते त्यांच्याकडून ऐका, मी माझं लिहिते.

दिवस १ आणि २: काळा दगड

विमानतळावर प्रश्न बरेच विचारतात, कुणासोबत आलात, कुठं राहणार, बॅग कुणी भरली, घाबरू नका, सरळ उत्तरं द्या. माझी बॅग मात्र आली नाही, ती तिसऱ्या दिवशी हॉटेलवर पोचली, तोवर एका ताईंच्या स्वेटरवर काढले दिवस. (हातातल्या बॅगेत एक जोडी कपडे आणि औषधं ठेवाच, मी ठेवली नव्हती.)

फेब्रुवारीचा शेवट होता, गालील हिरवंगार, रस्त्याच्या कडेला लाल कलानियोतची फुलं, आणि कफर्णहूमला बसमधून उतरले तर समोर काळा दगड. आपलाच. म्हणजे अगदी आपला, नगरच्या रानात नांगराला लागतो तो. मला वाटलं होतं सगळीकडे पांढरा पिवळसर दगड असणार, फोटोत तसाच दिसतो ना, पण गालील समुद्राच्या भोवती ज्वालामुखीचा खडक आहे, बेसाल्ट, आणि येशूच्या काळातली कफर्णहूमची घरं सगळी याच काळ्या दगडाची. न घडवलेले धोंडे, मधे कपच्या घालून रचलेल्या भिंती. तिथलं सभास्थान पांढऱ्या चुनखडीचं आहे पण ते चौथ्या-पाचव्या शतकातलं, आणि त्याच्या पायाला काळा दगडच दिसतो. मी वाकून आधी काळ्याला हात लावला.

तिथं अंगणात जुनी जाती मांडून ठेवलीत. मोठमोठी, वरची तळी डमरूसारखी, लाकडी दांडा घालून गाढवाने फिरवायची. पाळकसाहेबांनी तिथंच मार्क ९ वाचलं, लहानग्याला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची मोठी तळी बांधून समुद्रात टाकलेलं बरं, आणि म्हणाले मूळ ग्रीकमधे जो शब्द आहे तो गाढवाने फिरवायच्या जात्याचाच. समुद्र तिथून पन्नास पावलांवर. ते वाक्य बोलणाऱ्याच्या डोळ्यासमोर अशीच तळी आणि असंच पाणी असणार, मला अंगावर काटा आला.

जात्याच्या आतल्या बाजूला बोटं फिरवली तर टाकीचे खड्डे लागले बोटांना. ज्यांच्या घरी जातं होतं त्यांना माहितेय, जातं गुळगुळीत झालं की नुसतं फिरतं, दळत नाही, मग त्याला टाकी लावावी लागते, छिन्नीने बारीक बारीक टोचे मारून पुन्हा खरखरीत करायचं. आप्पा हे काम करायचे तेव्हा मी शेजारी बसून कपच्या वेचायचे. यिर्मयाच्या तोंडी देव म्हणतो माझं वचन खडकाचे तुकडे करणाऱ्या हातोड्यासारखं आहे. लहानपणी हे वचन ऐकून मला भीती वाटायची. कफर्णहूमला त्या खड्ड्यांवर बोट ठेवून उभी होते तेव्हा वाटलं, टाकी लावायलाही हातोडाच लागतो की.

दुपारी खोराजीनला गेलो. गर्दी अजिबात नाही. अख्खं सभास्थान काळ्या दगडाचं, आणि एवढ्या कठीण दगडावर द्राक्षांचे घोस कोरलेत. बेसाल्टवर नक्षी काढणं म्हणजे काय ते आप्पांना विचारा, छिन्नीचं तोंड दर थोड्या वेळाने बसतं, पुन्हा भात्यावर नेऊन पाजळायची. रात्री फोटो पाठवले. आप्पांचा व्हॉइस मेसेज आला: "हा आपल्याकडचाच माणूस वाटतो."

जेवायला गालील समुद्रातला मासा मिळतो, पेत्राचा मासा म्हणतात, अख्खा तळून देतात डोक्यासकट, काटे आहेत पण आपल्याला त्याचं काय. वर लिंबू पिळून मस्त लागतो.

दिवस ३: नासरेथ, सिप्पोरी, काना

नासरेथ आता मोठं गजबजलेलं शहर आहे, चढ-उतार, ट्रॅफिक, बेकरीच्या भट्टीचा वास. मला जास्त लक्षात राहिलं ते जवळचं सिप्पोरी. नासरेथपासून पाच-सहा किलोमीटर. येशूच्या लहानपणी गालीलचा राज्यकर्ता हेरोद अंतिपा हे शहर नव्याने बांधत होता, म्हणजे घरापासून तास-दीड तासाच्या चालीवर वर्षानुवर्षं चाललेलं मोठं बांधकाम. आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, येशूला सुतार म्हटलंय. ग्रीक शब्द टेक्टोन आहे आणि त्याचा अर्थ बांधकाम करणारा कारागीर असाही होतो, लाकडाचा, दगडाचा, जे पडेल ते. त्या डोंगरात लाकूड किती आणि दगड किती ते डोळ्यांनी दिसतं. योसेफ आणि येशू सिप्पोरीला कामाला जात होते असं कुठं लिहिलेलं नाही, आमच्या गाइडनेही स्पष्ट सांगितलं, पण खडकावर घर बांधणाऱ्याची गोष्ट, कोनशिलेची गोष्ट सांगणाऱ्या माणसाला पाया खणायला किती घाम गाळावा लागतो हे माहीत होतं असं मला मनापासून वाटतं.

कानाला पाण्याचा द्राक्षारस झाला ते चर्च बघितलं. योहानाने लिहिलंय की तिथं सहा दगडी रांजण होते. मातीचे का नाही? तर मातीचं भांडं विटाळलं की फोडून टाकावं लागे, दगडाला विटाळ लागत नाही असं यहुदी लोक मानायचे. नासरेथ आणि कानाच्या मधे रैना गावाजवळ २०१६ पासून उत्खनन झालं, त्यात खडूच्या मऊ दगडाची गुहा सापडली, तिथं असे दगडी पेले-भांडी बनवायचा कारखानाच होता, आतून कोरून काढलेले गोल गाभे तसेच फेकलेले मिळाले. मोठा रांजण ऐंशी-शंभर लिटरचा. तो एका दगडातून कोरायचा म्हणजे किती दिवस गेले असतील! आणि ज्याने कोरला त्याने ती लग्नपंगत पाहिलीसुद्धा नसेल.

दिवस ४: वर यरुशलेमेकडे

यार्देनेच्या खोऱ्यातून खाली खाली आणि मग यरीहोपासून एकदम वर. प्रवासात फार काही नाही, बसमधे गाणी म्हटली. वर पोचलो तर पाऊस आणि बोचरी थंडी. (फेब्रुवारीत जाणार असाल तर यरुशलेमसाठी जॅकेट आणि छत्री न्याच, गालीलच्या हवेवर जाऊ नका.)

अख्खं शहर एकाच रंगाचं दिसतं, ओल्या लोण्यासारखं. १९१८ साली इंग्रजांचा इथला गव्हर्नर रोनाल्ड स्टॉर्स याने नियम केला की इथल्या इमारती इथल्याच दगडात बांधायच्या, तो नियम थोड्याफार बदलाने आजही पाळतात, म्हणून नवे फ्लॅटसुद्धा बाहेरून दगडाचे. दमास्कस वेशीपाशी थंडीत सहलब मिळतं, घट्ट गरम दूध, वर दालचिनी, खोबरं, शेंगदाणे. खिरीच्या आणि दुधाच्या मधलं काहीतरी. सोबत तिळाची लांबट गोल पाव-कडी घ्यायची आणि झाअतार नावाच्या मसाल्याच्या पुडीत बुडवून खायची. मी तीन दिवस नाश्ता हाच केला.

दिवस ५: खाणीत

या दिवसासाठी मी आले होते. दमास्कस वेस आणि हेरोदाची वेस यांच्या मधे, तटाच्या पायथ्याशी एक साधंसं दार आहे, तिकीट काढून आत गेलं की जुन्या शहराच्या पोटात उतरता. वर घरं, बाजार, शाळा, आणि खाली पोकळ खाण. शलमोनाच्या खाणी म्हणतात किंवा सिद्कीयाची गुहा. सिद्कीया राजा बाबेलच्या सैन्यापासून पळाला आणि यरीहोच्या मैदानात पकडला गेला हे शास्त्रात आहे, तो इथूनच पळाला ही दंतकथा, आत एका ठिकाणी छतातून पाणी ठिबकतं त्याला सिद्कीयाचे अश्रू म्हणतात. मधली काही शतकं ही खाण बंदच होती, १८५४ मधे बार्कले नावाच्या अमेरिकन मिशनरीला तिचं तोंड पुन्हा सापडलं, त्याच्या कुत्र्यामुळे असं सांगतात.

आत दोन-सव्वादोनशे मीटर लांब जाता येतं, एकूण जागा जवळजवळ ९,००० चौरस मीटर. हवा दमट, पायाखाली थोडं निसरडं. शलमोनाचं नाव लोकांनी दिलं, त्याच्या काळाचा थेट पुरावा इथं मिळालेला नाही, हेरोद राजाने (अंतिपाच्या बापाने) नव्याने बांधलेल्या मंदिराचा दगड इथून गेला असावा असं जाणकार मानतात. मला त्या वेळी त्याने फरक पडला नाही. कारण भिंतीवर घाव होते. ओळीच्या ओळी, तिरके, एकाखाली एक. काही ठिकाणी ठोकळा तिन्ही बाजूंनी सुटा केलेला आणि मागून अजून खडकाला धरून, जणू संध्याकाळ झाली म्हणून सोडून गेलेत आणि सकाळी येतील. ठोकळ्याभोवती चर खणलाय, कुदळ चालेल एवढाच रुंद. चारी बाजूंनी असा चर घ्यायचा, मग बुडाशी पाचरी ठोकून नाहीतर पहार घालून उचकटायचा. गाइड म्हणाला लाकडी पाचरी ठोकून त्यावर पाणी ओतायचे, लाकूड फुगलं की दगड सुटायचा. आप्पांना हे रात्री सांगितलं तर म्हणाले, "मऊ दगडाला होत असंल. आपल्या काळ्याला लोखंडाची पाचर अन् घणच पायजे."

दगड खरंच मऊ आहे. मेलेखे म्हणतात, म्हणजे राजाचा दगड. खाणीतून काढल्यावर सहज घडवता येतो आणि मग उघड्या हवेत राहिला की कडक होतो. मी नखाने नाही पण अंगठ्याच्या टोकाने घासलं तर बोटावर पांढरी पूड आली.

त्या जागी मी १ राजे ५ उघडलं. डोंगरात दगड फोडणारे ८०,०००, ओझी वाहणारे ७०,०००, त्यांच्यावर ३,३०० मुकादम. शलमोनाचे गवंडी, सोरच्या हीराम राजाचे गवंडी आणि गबालचे लोक यांनी मिळून दगड घडवले असं लिहिलंय. गबाल म्हणजे लबानोनचं बिब्लोस. नाव एकाही मजुराचं नाही.

आणि आप्पांचं कोडं? ते मला नाही, आप्पांनाच सुटलं. रात्री फोटो बघून त्यांचा सहा मिनिटांचा मेसेज आला, मी दोनदा ऐकला. आधी घावांबद्दल: "हे सगळे एका बाजूला तिरके हायेत, म्हणजे एकाच माणसाने उभ्याने मारलेत. खालच्या तीन ओळी बघ, घाव उथळ हायेत. तिथं हात दमलाय त्याचा." मग म्हणाले, "अगं आपल्या चर्चची कमान आम्ही आधी जमिनीवर मांडली होती. प्रत्येक दगड गुण्यात घासून, दरज जुळवून, नंबर टाकून. वर चढवताना ठोकायचं कामच नाही राहिलं. त्यांनीबी तेच केलं असणार. सगळा आवाज खाणीतच करून घेतला."

सगळा आवाज खाणीतच. पेत्राच्या पत्रात आपल्याला जिवंत धोंडे म्हटलंय, ज्यांचं आत्मिक मंदिर रचलं जातंय. मी हे वचन शेकडो वेळा ऐकलंय पण नेहमी रचलेली भिंत डोळ्यासमोर यायची, त्याआधीचा अंधार कधीच नाही. गेल्या दोन वर्षांत आमच्या घरावर जे जे आलं ते सगळं मला त्या खाणीत आठवलं, आणि मी तिथं ओल्या दगडाला टेकून थोडी रडले. आमच्यातल्या एक आजी न बोलता शेजारी उभ्या राहिल्या.

दुपारी मंदिराच्या टेकडीच्या पश्चिम भिंतीलगतच्या बोगद्यात गेलो. (याचं बुकिंग आधी करावं लागतं, ऐनवेळी मिळत नाही. शुक्रवारी दुपारपासून शनिवार रात्रीपर्यंत बरंच काही बंद असतं, त्या हिशेबाने दिवस आखा.) आत हेरोदाच्या भिंतीतला एक दगड आहे, एकच दगड, १३.६ मीटर लांब. वजनाचे अंदाज अडीचशे टनांपासून पावणेसहाशे टनांपर्यंत. चुना नाही, काही नाही, नुसता दगडावर दगड, आणि दरजेत माझं नख जाईना. प्रत्येक दगडाच्या कडेने चार बोटं रुंद पट्टी घासून खाली घेतलीय आणि मधला भाग किंचित उचललेला, त्यामुळे भिंतीवर सावली पडते आणि दगड मोजता येतात. बोगद्याच्या उत्तर टोकाला खडकात अर्धवट कापलेले ठोकळे दिसतात, खाण आणि भिंत एकमेकींना लागून. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो की मंदिराच्या आतल्या भागात याजकांशिवाय कुणी जाऊ शकत नव्हतं म्हणून हेरोदाने एक हजार याजकांना तयार केलं, काहींना दगडकाम शिकवलं, काहींना सुतारकाम. हे ऐकून मला फार फार बरं वाटलं. याजकाच्या हातात छिन्नी!

बाहेर भिंतीच्या नैऋत्य कोपऱ्याशी इसवी सन ७० मधे रोमनांनी वरून ढकललेले दगड अजून तसेच ढिगाने पडलेत, खालच्या रस्त्याची फरशी त्यांच्या माराने खचलीय. मार्क १३ मधे शिष्य म्हणतो गुरुजी, बघा केवढे हे दगड, आणि येशू सांगतो दगडावर दगड राहणार नाही. तिथं कुणीच फारसं बोललं नाही.

दिवस ६: हाक

यहूदाचा राजा हिज्कीया याचा बोगदा. अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून येणार म्हणून, इ.स.पू. ७०१ च्या सुमाराची गोष्ट, गीहोन झऱ्याचं पाणी खडकातून कोरून शहराच्या आत आणलं. ५३३ मीटर, दोन्ही टोकांकडून दोन टोळ्यांनी कोरत आणलेला, वाकडातिकडा, आणि मधे बरोबर भेटलेला.

(प्रॅक्टिकल: सुरुवातीला पाणी मांडीपर्यंत येतं, पुढे गुडघ्याच्या खाली. रबरी सॅंडल घाला, चप्पल वाहून जाते. टॉर्च प्रत्येकाचा वेगळा पाहिजे, आत दिवे नाहीत. रुंदी एका माणसापुरती, मधे डोकं वाकवावं लागतं, कोंडल्यासारखं होत असेल त्यांच्यासाठी शेजारी कोरडा जुना बोगदा आहे. चाळीस मिनिटं धरा.)

पाणी इतकं गार की पहिल्या पावलाला श्वास अडकला. साधारण मध्यावर माझा टॉर्च गेला. पुढचा माणूस वळणापलीकडे, मागची ताई दहा पावलं मागे, आणि मधे मी, डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. दोन्ही हात भिंतीवर ठेवले आणि तसेच सरकले. आणि त्यामुळे कळलं. तोवर तळहाताला घाव सगळे एका बाजूला झुकलेले लागत होते, म्हणजे कोरणारे माझ्या पाठीकडून पुढे गेलेले. मग बोगदा एकदा वळला, पुन्हा लगेच उलटा वळला, एक आंधळा कोपरा लागला, आणि त्यानंतर घाव उलटे. समोरून माझ्याकडे येणारे. मी तिथं थांबले आणि मागच्या ताईला हाक मारली, आवाज खडकाला धरून असा लांब गेला की पुढच्या वळणावरून आमचे पाळकसाहेब ओ म्हणाले.

१८८० मधे शिलोह तळ्याच्या बाजूला या बोगद्याच्या भिंतीवर कोरलेला एक मजकूर सापडला. सहा ओळी, जुनी हिब्रू, मूळ दगड आता इस्तंबूलच्या म्युझियममधे आहे. त्यात काय लिहिलंय? राजाचं नाव नाही. देवाचंही नाही. लिहिलंय की कुदळ कुदळीकडे चालली होती, तीन हात कोरायचे राहिले होते तेव्हा पलीकडून आपल्या सोबत्याला हाक मारणाऱ्या माणसाचा आवाज ऐकू आला, मग शेवटच्या दिवशी कुदळीला कुदळ भिडली आणि झऱ्याचं पाणी १,२०० हात वाहत तळ्यापर्यंत आलं, दगड फोडणाऱ्यांच्या डोक्यावर १०० हात खडक होता. एवढंच. हे राजवाड्यातल्या कुणी लिहिलेलं असेल असं मला वाटत नाही. ज्याने ती हाक ऐकली त्यालाच ती लिहून ठेवावीशी वाटणार. शास्त्रात हे काम हिज्कीयाच्या नावावर आहे, २ राजे २० मधे, आणि ते बरोबरच आहे, पण त्या अंधारात उभं राहिल्यावर मला हिज्कीया नाही आठवला.

बाहेर शिलोह तळ्यावर ऊन पडलं होतं. जन्मापासून आंधळा असलेला माणूस इथंच डोळे धुवून पाहू लागला. आम्ही सगळे ओल्या पायांनी पायरीवर बसून संत्री खाल्ली.

दिवस ७: टाकून दिलेला दगड

पवित्र कबरेचं चर्च. सकाळी सहाला जा, आठनंतर पाय ठेवायला जागा नसते. मला माहीत नव्हतं की हे चर्चच एका जुन्या खाणीवर उभं आहे. राजांच्या काळात, म्हणजे येशूच्या सहा-सातशे वर्षं आधी, इथून दगड काढायचे, तेव्हा ही जागा तटाबाहेर होती. १९६० च्या दशकात कॅथलीन केनियन यांना जवळच मुरिस्तान भागात खोदताना खाण लागली, आणि चर्चमधे खाली हेलेनाच्या चॅपलकडे उतरलं की खडक कापलेला आपल्याला दिसतोच. उतरताना भिंतीवर शेकडो छोटे छोटे क्रूस कोरलेत, त्यावर बोट फिरवत फिरवत लोक जातात.

खाणवाले चांगला दगड काढून घेऊन गेले आणि मधे एक सुळका तसाच सोडला, कारण तो भेगाळलेला, कच्चा, बांधकामाला नालायक. तोच गुलगुथा, येशूला वधस्तंभावर दिलं ती जागा. वर वेदीखाली भोकातून हात घालून खडकाला शिवता येतं, पण खाली आदामाच्या चॅपलमधे जा, तिथं काचेमागे तो खडक आणि त्याची भेग उभी दिसते, आणि तिथं रांग नसते.

बांधणाऱ्यांनी नाकारलेला धोंडा कोनशिला झाला. स्तोत्र ११८. मी हे वचन आयुष्यभर उपमा म्हणून ऐकत आले. इथं बांधणाऱ्यांनी खरोखरच एक दगड नाकारला होता, त्याला ठोकून पाहिलं असेल, आवाज बद्द आला असेल, आणि पुढच्या दगडाकडे वळले असतील. मी त्या काचेसमोरून हलूच शकले नाही. गाइडने दोनदा बोलावलं.

संध्याकाळी बेथलेहेम. (नाक्यावर पासपोर्ट लागतो, हॉटेलात ठेवून जाऊ नका.) जन्मस्थानाचं दर्शन झाल्यावर मी ड्रायव्हरदादांना विनंती केली आणि त्यांनी मला आणि आणखी दोघींना एका ओळखीच्या दगडवाल्याकडे नेलं. त्या भागात आजही दगडाचा मोठा धंदा, बैत फज्जार गाव तर त्यावरच जगतं. आत मोठी करवत पाण्यात फिरत होती, सगळीकडे पांढरा चिखल. १ राजे ७ मधेही करवतीने कापलेले दगड आहेतच. पण कोपऱ्यात एक सत्तरीचे हज्जार, म्हणजे पाथरवट, हाताने काम करत बसले होते. कडेने पट्टी घासायची आणि मधला भाग खडबडीत ठेवायचा, त्याला ते तुब्झे म्हणतात, दोन दिवसांपूर्वी मंदिराच्या भिंतीत पाहिलेल्या पट्टीच्या बहिणीसारखं. मी खुणेने सांगितलं माझे वडील पण हेच. त्यांनी माझा हात उलटा करून पाहिला, हसले, मग स्वतःचा तळहात दाखवला. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या बुडाशी छिन्नी धरून पडलेला घट्टा, आप्पांच्या हाताला आहे त्याच जागी. साखर जास्त घातलेला पुदिन्याचा चहा पाजला आणि निघताना मुठीएवढा एक तुकडा दिला, कापून उरलेला. (उत्खननाच्या जागेवरून दगड उचलणं गुन्हा आहे, खडासुद्धा उचलू नका, हा दुकानातला होता.)

दिवस ८: लोदची मावशी

विमान रात्रीचं होतं. विमानतळाजवळ लोदला माझ्या शाळेतल्या सहकारी बाईंच्या ओळखीच्या एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, मावशी राहतात, अलिबागकडच्या, साठच्या दशकात लग्न होऊन इकडे आलेल्या. दार उघडून म्हणाल्या, "ये गो बाय, वाटेत त्रास नाय ना झाला?" आठ दिवसांनी कांदेपोहे आणि आल्याचा चहा. त्या बोलत होत्या आणि मी नुसती ऐकत होते.

त्यांना मी मनातली एक सल विचारली. निर्गम २० मधे देव म्हणतो माझ्यासाठी वेदी बांधाल तर घडीव दगडाची बांधू नका, हत्यार लावलंत तर ती विटाळेल. पाथरवटाच्या मुलीला हे वाचून वाईट वाटतं, आप्पांच्या कामात विटाळ कसला? मावशी म्हणाल्या, "विटाळ हाताचा नाय, लोखंडाचा. आमच्यात सांगतात, लोखंडाची तलवार होते, ती माणसाचं आयुष्य तोडते. वेदी आयुष्य वाढवते. एकाने दुसऱ्यावर उठू नये." मिश्नात, म्हणजे यहुदी नियमांच्या जुन्या ग्रंथात, तसंच लिहिलंय असं पाळकसाहेब नंतर म्हणाले. मग मावशींनी शामीरची गोष्ट सांगितली, जवाच्या दाण्याएवढा किडा, दगडावर ठेवला की दगड आपोआप चिरला जायचा, शलमोनाने तो शोधून आणला म्हणून मंदिरात लोखंडाचा आवाज झाला नाही. त्यांच्या आजीने त्यांना रेवदंड्याला सांगितलेली. निघताना डब्यात पोहे भरून दिले.

घरी पोचले तेव्हा पहाट होती आणि आप्पा ओट्यावर जागे. आधी चहा, मग एकेक करून सगळं सांगितलं. हाकेची गोष्ट त्यांनी दोनदा सांगायला लावली. म्हणाले, "विहिरीचं आडवं बोअर करताना आम्हालाबी पलीकडचा घण ऐकू यायचा. आधी पायातून कळतं, मग कानाला." शामीरच्या गोष्टीवर मान हलवत राहिले, कमानीबद्दल काही बोलले नाहीत. काचेमागच्या भेगाळलेल्या खडकाचा फोटो बराच वेळ हातात धरला.

मग बेथलेहेमचा तुकडा दिला. त्यांनी तो तळहातावर तोलला, कोपऱ्यातला छोटा हातोडा घेतला आणि कानाजवळ धरून हलकेच एक टोला दिला. थांबले. पुन्हा एक.

"मऊ हाय," म्हणाले. "पण बद्द नाय बोलत. ऐक." आणि माझ्या कानाजवळ धरला.